सहा दिवस देवाचे, सोमवार घराचा

पांढरा सदरा, गळ्यात टाय, खांद्याला पिशवी, छातीवर काळी नामपट्टी आणि बरोबर अगदी तसाच पोशाख केलेला दुसरा तरुण. अमेरिका, ब्राझील, फिलिपाइन्स किंवा आफ्रिकेतील एखाद्या शहरात पायी अथवा सायकलवरून जाणारी अशी जोडी दिसली, की लोक सहज ओळखतात : हे मॉर्मन मिशनरी. दाराची घंटा वाजवून दोन मिनिटे बोलू देण्याची विनंती करणारा हा तरुण बहुधा जेमतेम १९-२० वर्षांचा असतो. तो पगारी नोकर नसतो आणि धर्मशास्त्राची पदवी घेतलेला पाद्रीही नसतो. शाळा संपवून किंवा कॉलेजचे शिक्षण मध्येच थांबवून, स्वतःच्या वा आईवडिलांच्या पैशाने तो दोन वर्षांसाठी घराबाहेर पडलेला असतो. या काळात त्याला सुटी नसते, घरी फेरी मारण्याची पद्धत नसते आणि कोठे जायचे हेही त्याने स्वतः ठरवलेले नसते. त्याचे आयुष्य आठवड्याने मोजले जाते. त्या आठवड्यातला स्वतःचा म्हणावा असा वेळ त्याच्या वाट्याला येतो तो साधारणतः सोमवारी, आणि तोही संध्याकाळी सहापर्यंतच.

प्रथा कशी रुजली?

‘मॉर्मन’ हे लोकांनी दिलेले नाव. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे या पंथाचे अधिकृत नाव असून २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी तेच पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ बायबलच्या बरोबरीने पवित्र मानणे, हे या पंथाचे इतर ख्रिस्ती पंथांहून असलेले ठळक वेगळेपण. १८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी पश्चिमेकडे खडतर स्थलांतर केले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वस्ती केली. युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी हे आजही चर्चचे मुख्यालय आहे. २०२४ च्या अखेरीस चर्चची जगभरातील नोंदलेली सदस्यसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख होती.

प्रचारकार्य या पंथाच्या जन्मापासूनच सुरू झाले. संस्थापकांचा धाकटा भाऊ सॅम्युएल स्मिथ १८३० च्या उन्हाळ्यात ग्रंथाच्या प्रती पाठीवर घेऊन गावोगाव निघाला. पहिल्या दिवशी एकही प्रत खपली नाही, खानावळीतून त्याला बाहेर काढण्यात आले आणि रात्र झाडाखाली काढावी लागली, असे चर्चच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे त्याने दिलेली एक प्रत हातोहात फिरत ब्रिगॅम यंग यांच्या कुटुंबात पोहोचली. दार बंद झाले तरी चालत राहावे, ही शिकवण देताना मिशनऱ्यांना हीच कथा आजही ऐकवली जाते.

१८३७ मध्ये पहिले मॉर्मन प्रचारक इंग्लंडला गेले. महाराष्ट्राशी या प्रचाराचा संबंध आला तो १८५२ मध्ये. स्कॉटलंडचे ह्यू फिंडले त्या वर्षी मुंबईत उतरले आणि पुण्यात जाऊन त्यांनी एक लहानशी मंडळीही उभी केली. तथापि भारतातील हे पहिले प्रयत्न काही वर्षांतच थंडावले. बेंगळुरू येथे मुख्यालय असलेले मिशन स्थापन होण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

सुरुवातीच्या काळात विवाहित, मुलेबाळे असलेले पुरुषही बायकामुलांना मागे ठेवून प्रचाराला जात. अविवाहित तरुणांनी ठरावीक मुदतीसाठी जायचे, हे आजचे रूप पुढच्या काळात स्थिरावले. मुलांनी मिशनवर जाणे हे धार्मिक कर्तव्य मानले जाते. मुलींना आणि निवृत्त दांपत्यांना मोकळीक असते. मुलांची मुदत २४ महिन्यांची, तर मुलींची १८ महिन्यांची. किमान वय पूर्वी मुलांसाठी १९ व मुलींसाठी २१ होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते अनुक्रमे १८ व १९ करण्यात आले आणि मिशनऱ्यांची संख्या एका वर्षात सुमारे ५९ हजारांवरून ८३ हजारांवर गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींसाठीही १८ वर्षांची मर्यादा जाहीर झाली.

बोलावण्याचे पत्र

इच्छुक तरुण अर्ज करतो. वैद्यकीय तपासणी होते, स्थानिक धर्माधिकारी मुलाखती घेतात. मग प्रतीक्षा सुरू होते ती बोलावण्याच्या पत्राची. हे पत्र पूर्वी टपालाने मोठ्या पांढऱ्या पाकिटातून येई. सारे घर, शेजारीपाजारी, मित्रमंडळी जमली की मुलगा ते फोडून मोठ्याने वाचे. पेरू की पोलंड, टोकियो की टेक्सास, हे त्या क्षणीच कळे. २०१८ च्या अखेरीपासून हे पत्र संगणकावर येऊ लागले, पण घरच्यांना जमवून वाचण्याची हौस कायम राहिली. स्थळ निवडण्याचा अधिकार अर्जदाराला नसतो. चर्चचे वरिष्ठ नेते प्रार्थनापूर्वक ते ठरवतात, अशी अनुयायांची श्रद्धा आहे.

खर्चाची व्यवस्थाही लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी ज्याची नेमणूक महागड्या देशात होई त्याच्या कुटुंबावर अधिक भार पडे. १९९० नंतर हा खर्च सर्वांसाठी समान करण्यात आला. अमेरिकेतील कुटुंबे जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर भरतात, म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार डॉलर होतात. ही रक्कम एकत्र गोळा करून तीतून सर्वांची राहण्याजेवण्याची सोय होते. गरीब देशांतील तरुणांना मदत मिळते. अनेक मॉर्मन घरांत मूल लहान असल्यापासूनच या दोन वर्षांसाठी पैसे साठवले जातात.

निघण्यापूर्वी प्रशिक्षण असते. युटातील प्रोव्हो शहरातले केंद्र सर्वांत प्रसिद्ध. मनिला, साओ पावलो, आक्रा आणि इंग्लंडमधील प्रेस्टन येथेही अशी केंद्रे आहेत. मातृभाषेतच काम करायचे असेल तर प्रशिक्षण काही दिवसांत आटोपते. नवी भाषा शिकायची असेल तर सहा ते नऊ आठवडे लागतात. कालपर्यंत जपानी भाषेचा गंध नसलेला मुलगा दोन महिन्यांत त्या भाषेत अडखळत प्रार्थना करू लागतो. कोविडच्या साथीनंतर प्रशिक्षणाचा काही भाग घरी बसून संगणकावरच दिला जाऊ लागला.

सावलीसारखा जोडीदार

मिशनरी एकटा कधीच नसतो. येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवले, या बायबलमधील कथेचा आधार घेऊन प्रत्येकाला एक जोडीदार दिला जातो. दोघांनी सदैव परस्परांच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात राहावे असा नियम आहे. स्नानगृहाचा अपवाद सोडला तर खाणे, झोपणे, फिरणे, प्रार्थना करणे, सारे एकत्र. जोडीदार निवडता येत नाही आणि आवडला नाही म्हणून सोडताही येत नाही. साधारणतः दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कोण कोठे जाणार आणि कोणाबरोबर राहणार हे मिशनचे अध्यक्ष ठरवतात. बदलीचा निरोप आला की दोन बॅगांत संसार भरायचा आणि बस किंवा रेल्वे पकडायची.

या काळात मिशनरी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत नाहीत. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’ आणि त्यापुढे आडनाव. ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा. मिसरूड नुकतीच फुटलेल्या मुलाला दोन वर्षे सगळे याच नावाने हाक मारतात. यात गंमत आहे, तसेच एक अपेक्षाही आहे : वय वाढायच्या आधी जबाबदारी वाढावी.

पोशाखाचे नियम काळानुसार थोडे सैल झाले आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये मुलींना पँट घालण्याची मुभा मिळाली. २०२० पासून काही प्रदेशांत मुलांना निळा सदराही चालतो आणि टायची सक्तीही राहिलेली नाही. काळी नामपट्टी मात्र कोणालाच सुटलेली नाही.

मंगळवार ते रविवार

दिवस उजाडतो तो पहाटे साडेसहाला. अर्धा तास व्यायाम, मग स्नान, न्याहारी. नंतर एकट्याने धर्मग्रंथाचे वाचन, त्यापाठोपाठ जोडीदारासह अभ्यास, आणि परदेशी असल्यास भाषेचा सराव. दहाच्या सुमारास दोघे घराबाहेर पडतात. दुपारच्या व रात्रीच्या जेवणाचा वेळ वगळता ते रात्री नवापर्यंत बाहेरच असतात. साडेदहाला दिवे मालवायचे. २०१७ मध्ये हे वेळापत्रक प्रत्येक देशाच्या रिवाजानुसार जुळवून घेण्याची सवलत देण्यात आली, तरी त्याचा साचा बदलला नाही.

बाहेरचे काम म्हणजे प्रामुख्याने नकार ऐकणे. दार उघडत नाही, उघडले तर लगेच बंद होते, कोणी हसते, कोणी कुत्रा सोडते. चुकून कोणी आत बोलावलेच तर बहुतेकदा ते सौजन्यापोटी. तेथेही अडचण असते. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू मॉर्मनांना वर्ज्य आहेत. पाहुण्यासमोर चहाचा पेला ठेवणे हाच जेथे आदराचा पहिला उपचार, तेथे तो पेला हसतमुखाने परत करण्याची कला या मुलांना फार लवकर शिकावी लागते. आता दारोदार फिरण्यापेक्षा समाजमाध्यमांतून ओळखी वाढवण्यावर, तसेच इंग्रजीचे मोफत वर्ग आणि समाजसेवेची कामे यांवर भर वाढला आहे. हातात कागदी डायरीऐवजी स्मार्टफोन आला आहे.

आठवड्यातून एकदा आसपासच्या जोड्या एकत्र बसतात आणि अनुभवांची देवाणघेवाण करतात. एक दिवस पुढील आठवड्याच्या नियोजनासाठी काही तास राखून ठेवलेले असतात. किती जणांना शिकवले, त्यातले किती प्रार्थनेला आले, कोणाच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला, याचे आकडे दर आठवड्याला वर कळवायचे असतात. याच आकड्यांवर टीका होते. श्रद्धेसारखी गोष्ट आकडेवारीत बसवल्याने कोवळ्या मुलांवर विक्री प्रतिनिधीसारखा ताण येतो, असे चर्च सोडून गेलेले अनेक जण म्हणतात. आकडे हे शिस्तीचे साधन आहे, यशाचे माप नव्हे, अशी चर्चची भूमिका असते. एखाद्या युरोपीय शहरात दोन वर्षांत एकाचाही बाप्तिस्मा न झालेला तरुण आणि लॅटिन अमेरिकेत डझनावारी बाप्तिस्मे पाहिलेला त्याचा मित्र, दोघांचे घरी परतल्यावर सारखेच स्वागत होते. तरीही मनातला हिशेब कोणाला चुकत नाही.

रविवारी प्रार्थनासभा असते. २०१९ पासून ती तीन तासांऐवजी दोन तासांची झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण वर्ज्य करून त्याचे पैसे गरिबांसाठी देण्याची प्रथा आहे. स्थानिक सदस्यांपैकी एखादे कुटुंब जोडीला जेवायला बोलावते. परमुलखात घरचे अन्न पोटात जाते ते अशाच वेळी. त्या ताटावर बसलेल्या मुलाला आपल्या आईचे स्वयंपाकघर आठवले नाही तरच नवल.

सोमवार

आणि मग सोमवार उजाडतो. बहुतेक मिशनांत हाच ‘पी-डे’, म्हणजे पूर्वतयारीचा दिवस. काही ठिकाणी वार निराळा असतो. कपडे धुणे, खोली झाडणे, आठवड्याचा किराणा आणणे, केस कापून घेणे ही कामे याच दिवशी उरकायची. ज्या मुलाचे कपडे आजवर आईने धुतले, त्याला पांढरा सदरा इतर कपड्यांबरोबर भिजवू नये हे ज्ञान पहिल्याच सोमवारी होते. उरलेल्या वेळात फुटबॉल किंवा बास्केटबॉल, एखादे संग्रहालय, डोंगर चढणे. मिशनच्या अध्यक्षांना साप्ताहिक पत्र लिहायचे असते. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे घराशी बोलायचे असते.

घराशी बोलण्याच्या या हक्काचाही एक इतिहास आहे. टपालाच्या काळात दूरदेशीचे पत्र पोहोचायला आठवडे लागत. आईने चौकशी केलेली सर्दी उत्तर येईपर्यंत बरी होऊन पुन्हा झालेली असे. पुढे इ-मेलची परवानगी मिळाली. मनिलात सोमवारची सकाळ उजाडते तेव्हा युटात रविवारची संध्याकाळ असते. त्यामुळे फिलिपाइन्समध्ये मुलगा असलेल्या घरांत रविवारी संध्याकाळपासूनच डोळे संगणकाकडे लागत. दूरध्वनी मात्र वर्षातून दोनदाच करता येई, नाताळच्या दिवशी आणि मातृदिनी. दोन वर्षांच्या मुदतीत एकूण चारच वेळा मुलाचा आवाज कानी पडायचा. त्या चार दिवसांची तयारी घरोघरी सणासारखी चाले.

१५ फेब्रुवारी २०१९ रोजी चर्चने हा नियम बदलला. पूर्वतयारीच्या दिवशी दर आठवड्याला घरच्यांशी दूरध्वनीवर, संदेशांतून किंवा व्हिडिओवरून बोलण्याची मुभा मिळाली. चारांच्या जागी शंभराहून अधिक भेटी शक्य झाल्या. बहुसंख्य कुटुंबांनी या निर्णयाचे स्वागत केले. काही जुन्या मिशनऱ्यांना मात्र तो रुचला नाही. घराची ओढ तोडल्याशिवाय परक्या मुलखात मन लागत नाही आणि तुटलेपणातूनच माणूस पक्का होतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरी बाजूही तितकीच सबळ होती. १८ वर्षांच्या मुलाची घुसमट मुख्यालयाला कळण्याआधी आईला कळते, आणि तीही शब्दांपेक्षा आवाजावरून. पत्रात ‘मी मजेत आहे’ असे लिहिता येते. आवाजात ते लपवणे अवघड.

‘ट्रंकी’ आणि लवकर परतलेले

मिशनऱ्यांच्या बोलीत घराच्या आठवणीने कामातून मन उडालेल्या मुलाला ‘ट्रंकी’ म्हणतात. म्हणजे ज्याचे चित्त भरून ठेवलेल्या ट्रंकेपाशी आहे तो. या शब्दात थट्टा आहे आणि दटावणीही. परंतु सगळेच दुःख थट्टेवारी नेण्यासारखे नसते. नैराश्य, चिंता आणि आजारपण यांमुळे मुदत पूर्ण होण्याआधी परतावे लागणारेही असतात. ज्या समाजात विमानतळावर फलक घेऊन वाजतगाजत स्वागत होते, तेथे सहा महिन्यांतच मुकाट्याने परतलेल्या मुलाकडे पाहणाऱ्या नजरा त्याला बोचतात. तो अयशस्वी ठरला असे कोणी म्हणत नाही, पण ‘इतक्या लवकर कसा?’ हा प्रश्न टळत नाही.

या प्रश्नाची दखल चर्चलाही घ्यावी लागली. मिशनऱ्यांसाठी समुपदेशक उपलब्ध करून देण्यात आले. नव्या जीवनाशी जुळवून घेण्यासाठी २०१३ मध्ये एक पुस्तिका काढण्यात आली, आणि मनाचा ताण ही उणीव नसून ओळखून हाताळण्याची गोष्ट आहे, असे तीत समजावले गेले. ज्यांना घरापासून दूर राहणे झेपत नाही त्यांच्यासाठी घरी राहून सेवाकार्य करण्याचा पर्यायही आता रीतसर मान्य झाला आहे.

अनपेक्षित संकटेही येतात. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर झालेल्या स्फोटांत मॉर्मन मिशनरी जखमी झाले. रशियाने २०१६ मध्ये प्रचारावर निर्बंध घातल्यानंतर तेथील मिशनऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणवून वेगळ्या चौकटीत काम करावे लागले. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे हजारो जणांना घाईघाईने मायदेशी आणावे लागले. त्या वर्षाअखेरीस मिशनऱ्यांची संख्या सुमारे ५२ हजारांपर्यंत घसरली होती. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुमारे ७४ हजारांवर आणि मिशनांची संख्या ४५० वर गेली.

दोन वर्षांनंतर

परतीच्या दिवशी विमानतळावर आईवडील, भावंडे, फुगे आणि फलक असतात. त्यानंतर स्थानिक धर्माधिकारी त्याला मिशनच्या कर्तव्यातून औपचारिकरीत्या मुक्त करतो आणि छातीवरची काळी नामपट्टी उतरते. अनेकांना त्या क्षणी छाती रिकामी वाटते. दोन वर्षांत पहिल्यांदाच खोलीत एकट्याने बसायचे असते, सकाळी काय करायचे हे स्वतः ठरवायचे असते. नात्यातली लग्ने, धाकट्या भावंडांची वाढती वर्षे, कधी आजीआजोबांचे अखेरचे दिवस हुकलेले असतात. ते परत मिळत नाहीत.

हाती मात्र बरेच काही लागलेले असते : एक नवी भाषा, परक्या समाजाची जवळून झालेली ओळख, नकार पचवण्याची सवय. अमेरिकी राजकारणी मिट रॉम्नी यांनी १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशन केले. व्यवस्थापनशास्त्रातील नामवंत प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन १९७० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कोरियात होते आणि तेथे कोरियन शिकले. जेटब्ल्यू या विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन यांनी ब्राझीलमध्ये मिशन केले. अर्थात मिशन केलेला प्रत्येक जण नामवंत होत नाही, आणि प्रत्येक जण श्रद्धेत टिकतोच असेही नाही. काही जण याच दोन वर्षांत पडलेल्या प्रश्नांमुळे पुढे पंथापासून दूर जातात.

मॉर्मन कुटुंबांत सोमवारच्या संध्याकाळी आणखी एक रीत पाळली जाते. १९७० पासून ही संध्याकाळ चर्चने घरासाठी राखून ठेवली आहे. त्या वेळी चर्चचा कोणताही कार्यक्रम नसतो. आईवडील आणि मुले एकत्र बसून प्रार्थना करतात, खेळतात, काही गोडधोड खातात. मिशनऱ्याची मोकळीक संपते ती नेमकी याच वेळी. तो पुन्हा टाय बांधतो, नामपट्टी लावतो आणि जोडीदारासह बाहेर पडतो. अनेकदा त्या संध्याकाळी तो दुसऱ्याच एखाद्या कुटुंबाच्या दाराशी उभा असतो, घर किती मोलाचे आहे हे त्यांना सांगण्यासाठी. ते वाक्य त्याने प्रशिक्षण केंद्रात पाठ केलेले असते. त्याचा अर्थ मात्र त्याला तेथे, उंबऱ्याबाहेर उभा असतानाच उमगत जातो.